शिशाला अर्धायुष्य नसते: सिमेंटमध्ये बांधलेल्या किरणोत्सारी कचऱ्यातील जड धातूंविषयी खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, अणुऊर्जा नियामक मंडळ, मुंबई
मा. अध्यक्ष, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ, दिल्ली
प्रत माहितीसाठी: मध्य प्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळ, भोपाळ

विषय: सिमेंटमध्ये बांधून जमिनीत पुरल्या जाणाऱ्या कचऱ्यातील शिसे, कॅडमियम, पारा, क्रोमियम व निकेल यांची मोजदाद आणि चाचणी

महोदय,

सीझियम-१३७ चे अर्धायुष्य ३० वर्षांचे, स्ट्रॉन्शियम-९० चे जवळपास २९ वर्षांचे. तीनशे वर्षांत दोन्ही दहा वेळा अर्धे होतात आणि मूळच्या हजाराव्या हिश्श्यावर येतात. कमी आणि मध्यम पातळीच्या किरणोत्सारी कचऱ्याची जमिनीतली विल्हेवाट या हिशेबावर उभी आहे. कचरा सिमेंटमध्ये बांधायचा, ड्रम काँक्रीटच्या खंदकात रचायचे, पाणी आत जाणार नाही असे झाकण वरून घालायचे आणि साधारण तीनशे वर्षे राखण करायची. हिशेब चोख आहे, पण तो किरणोत्साराचा आहे. त्याच ड्रममध्ये पाच किलो शिसे असेल तर तीनशे वर्षांनंतरही ते पाच किलोच असते. कॅडमियमचे, पाऱ्याचे, निकेलचेही तसेच.

आम्ही इंदूरमध्ये सिमेंटचे रसायन, घातक कचऱ्यावरची प्रक्रिया आणि भूजल या विषयांत काम करणारे काही मराठी अभियंते आणि रसायनतज्ज्ञ आहोत. आमचे मागणे एका वाक्यात मावते: ड्रममध्ये जाणाऱ्या जड धातूंची वजनासह नोंद व्हावी, आणि ते किती विरघळतात याची परीक्षा ते प्रत्यक्ष ज्या पाण्यात शतकानुशतके बसणार आहेत त्या पाण्यात व्हावी. मागणे साधे वाटते. त्यामागचे रसायन मात्र फसवे आहे, म्हणून पत्र लांबले आहे.

आधी कायद्याची फट. घातक आणि इतर कचऱ्याविषयीचे २०१६ चे नियम अणुऊर्जा कायदा, १९६२ खाली येणाऱ्या किरणोत्सारी कचऱ्याला लागू नाहीत, असे त्या नियमांतच लिहिले आहे. किरणोत्सारी कचऱ्यासाठी १९८७ चे सुरक्षित विल्हेवाटीचे नियम आहेत आणि त्यांचा रोख साहजिकच किरणोत्सारावर आहे. म्हणजे शिशाची वीट भंगारात पडली असेल तर ती एका मंडळाच्या अखत्यारीत, आणि तिच्यावर किरणोत्सारी धूळ बसली की दुसऱ्याच्या. दुसऱ्याकडे जाताना तिच्या विषारीपणाची मर्यादा सांगणारा तक्ता मात्र पहिल्याकडेच राहतो. अमेरिकेत अशा कचऱ्याला ‘मिश्र कचरा’ म्हणतात आणि त्याला दोन्ही कायदे एकाच वेळी लागू होतात. तिथे किरणोत्सारी शिशाचे घन तुकडे सिमेंटच्या लगद्यात मिसळत नाहीत. पाणी पोहोचणार नाही अशा आवरणात ते अखंड बंद करायचे, असा नियमच आहे. फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर मांश येथील साठवण केंद्रात १९६९ ते १९९४ या काळात सव्वापाच लाख घनमीटर कचरा ठेवला गेला. त्यात सुमारे २०,००० टन शिसे आहे, आणि केंद्र सांभाळणारी आन्द्रा ही संस्था हा आकडा लोकांपुढे ठेवते. ट्रॉम्बे, तारापूर, काक्रापार इथल्या खंदकांबाबत असा आकडा लोकांपुढे असावा, ही अपेक्षा गैर नाही.

किरणोत्सारी कचऱ्यात जड धातू येतात तरी कुठून? सर्वांत मोठा वाटा किरण अडवायला आडोसा म्हणून लावलेल्या शिशाचा: विटा, पत्रे, शिशाची लोकर, ग्लोव्हबॉक्सचे (बाहेरून हात घालून काम करायच्या बंद पेटीचे) हातमोजे, शिसेमिश्रित काच. न्यूट्रॉन शोषायला कॅडमियमचे पत्रे वापरतात. जुन्या दाबमापकांतून, स्विचांतून आणि नळीच्या दिव्यांतून पारा येतो. गंज रोखण्यासाठी यंत्रे थंड ठेवणाऱ्या पाण्यात घातलेल्या क्रोमेटमधून सहा-संयुजी क्रोमियम, म्हणजे त्याचे अधिक विषारी रूप, येते, आणि स्टेनलेस स्टीलच्या भागांवरचा किरणोत्सारी गंजाचा थर आम्लाने धुतला की त्या धुवणात निकेल आणि क्रोमियम उतरतात. युरेनियम स्वतःसुद्धा जड धातू आहे आणि मूत्रपिंडाला होणारी त्याची इजा मुख्यतः रासायनिक असते. पिण्याच्या पाण्यातली जागतिक आरोग्य संघटनेची ३० मायक्रोग्रॅम प्रति लिटर ही मार्गदर्शक मर्यादा याच कारणाने आहे.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून एक गणित. २० × १० × ५ सेंटिमीटरची शिशाची एक वीट ११.३ किलोची. पिण्याच्या पाण्यातली शिशाची भारतीय मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम. ती एक वीट पूर्ण विरघळली तर सुमारे ११३ कोटी लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेईल. ती कधीच पूर्ण विरघळणार नाही, हे आम्ही जाणतो. पण कोणत्या वेगाने विरघळेल हे ठरवणारी गोष्ट कोणती, तिथेच खरा घोळ आहे.

ती गोष्ट म्हणजे सामू (पीएच), पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे याचे माप. सिमेंट जड धातूंना ‘बांधते’ असे सरसकट म्हटले जाते, आणि कॅडमियम व निकेल यांच्याबाबत ते बरेचसे खरेही आहे. उच्च सामूला या दोघांचे हायड्रॉक्साइड जवळजवळ अविद्राव्य असते. निकेल तर ॲल्युमिनियमबरोबर थरांची संयुगे करून आणखी घट्ट बसते. शिसे तसे वागत नाही. ते आम्लातही विरघळते आणि तीव्र अल्कलीतही. त्याची विद्राव्यता सर्वांत कमी असते ती साधारण ९ ते १०.५ सामूच्या पट्ट्यात. १२ च्या वर गेले की हायड्रॉक्साइडचे आणखी आयन चिकटून ऋणभारित संयुग तयार होते आणि पाण्यातले शिसे त्या किमान पातळीच्या शंभर पटींच्या घरात जाऊ शकते. जस्ताचेही असेच.

आता सिमेंटच्या छिद्रांतले पाणी पाहा. ताज्या पोर्टलँड सिमेंटमध्ये सोडियम आणि पोटॅशियमच्या हायड्रॉक्साइडमुळे त्याचा सामू १३ च्या वर असतो. ते दोन्ही झिरपून गेले की कॅल्शियम हायड्रॉक्साइड सामू १२.५ वर धरून ठेवते, आणि पाणी फार हळू फिरत असेल तर ही अवस्था शतके, सहस्रके टिकू शकते. मग सिमेंटला बांधून ठेवणाऱ्या मुख्य घटकातले, म्हणजे कॅल्शियम सिलिकेट हायड्रेटमधले, कॅल्शियम निघू लागते आणि सामू हळूहळू १० कडे उतरतो. म्हणजे जो काळ आपण ‘सुरक्षित राखणीचा’ मानतो, नेमका त्याच काळात शिसे आपल्या अधिक विद्राव्य पट्ट्यात बसलेले असते.

आपल्याकडे घातक कचरा तपासायला टीसीएलपी ही विषारी घटक किती झिरपतात ते पाहणारी चाचणी वापरतात आणि २०१६ च्या नियमांतल्या दुसऱ्या अनुसूचीचा अ वर्ग तिच्यावर आधारलेला आहे. नमुना ९.५ मिलिमीटरपेक्षा बारीक करायचा, वजनाच्या वीसपट ॲसेटिक आम्लाचे द्रावण घालायचे (नमुन्याच्या अल्कतेनुसार सामू ४.९३ चे किंवा २.८८ चे), मिनिटाला ३० फेऱ्यांनी १८ तास फिरवायचे, गाळायचे आणि धातू मोजायचे. शिशाची मर्यादा लिटरमागे ५ मिलिग्रॅम. ही चाचणी अमेरिकेत घरगुती कचऱ्याच्या कुजत्या ढिगाची नक्कल म्हणून घडली. सिमेंटच्या ठोकळ्याने भरलेल्या काँक्रीटच्या खंदकात ॲसेटिक आम्ल कुठून येणार?

याहून मोठी अडचण पुढे आहे. दुसऱ्या, म्हणजे सामू २.८८ च्या, द्रावणातून एक किलो नमुन्यामागे सुमारे दोन मोल आम्ल येते. ते संपवायला शंभर-दीडशे ग्रॅम सिमेंट पुरते. म्हणून चाचणीच्या शेवटी सामू किती उरेल, हे मिश्रणात सिमेंट किती घातले यावरच ठरते. सिमेंट कमी पडले तर सामू ६-७ वर येतो आणि शिसे बाहेर पडते. जास्त झाले तर सामू १२ च्या वर राहतो आणि शिसे पुन्हा बाहेर पडते. मधली मात्रा साधली की अखेरचा सामू ९ आणि १०.५ च्या दरम्यान थांबतो आणि अहवालावर ‘पास’ असा शिक्का बसतो. त्या शिक्क्याने सिद्ध होते ते एवढेच की बाटलीतले आम्ल आणि सिमेंट यांची बरोबरी झाली. तोच ठोकळा खंदकात आपल्याच १२.५ सामूच्या पाण्यात बसला की वेगळे वागतो. साध्या आयनविरहित पाण्यात तो ठेवून पाहिला तर अनेकदा आम्लातल्यापेक्षा जास्त शिसे निघते. हे प्रयोगशाळेत कुणीही आठवडाभरात करून पाहू शकतो.

किरणोत्सारी कचऱ्याच्या बाजूला चाचणी वेगळी असते. तिथे सिमेंटचे सिलिंडर पाण्यात ठेवतात, ठरलेल्या वेळी पाणी बदलतात आणि ९० दिवसांपर्यंत बाहेर पडलेले सीझियम, स्ट्रॉन्शियम, कोबाल्ट मोजतात. त्यावरून विसरण गुणांक (द्रव्य किती वेगाने पसरत सरकते ते सांगणारा आकडा) काढतात आणि त्याच्या लॉगॅरिदमला ऋण चिन्ह लावून लीचिंग म्हणजे झिरपण्याचा निर्देशांक ठरवतात; तो जितका मोठा तितके झिरपणे कमी. अमेरिकी नियामकाच्या १९९१ च्या मार्गदर्शनात तो किमान ६ मागितला आहे. ही चाचणी टीसीएलपीपेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे, कारण ठोकळा अखंड राहतो आणि पाण्याचा सामू त्याचा स्वतःचा असतो. पण ६ या आकड्याचा धातूंसाठी अर्थ काय? निर्देशांक ६ म्हणजे विसरण गुणांक सेकंदाला १०⁻⁶ चौरस सेंटिमीटर. तीनशे वर्षे म्हणजे जवळपास साडेनऊ अब्ज सेकंद. गुणाकाराचे वर्गमूळ काढले की धातू सरकण्याचे अंतर येते ९७ सेंटिमीटर. दोनशे लिटरच्या ड्रमची त्रिज्या २८-२९ सेंटिमीटर असते. म्हणजे ड्रम आतून पूर्ण धुऊन निघाला. निर्देशांक ९ असेल तर हेच अंतर ३ सेंटिमीटर, आणि ११ असेल तर ३ मिलिमीटर. किरणोत्सारी द्रव्य सरकता सरकता मरत असते, त्याला ही सवलत मिळते. शिशाला ती मिळत नाही. म्हणून धातूंसाठी निर्देशांक वेगळा मोजावा आणि तो किमान ९ तरी असावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चाचण्या नव्याने शोधायला नकोत. एकाच मिश्रणाचे नऊ वेगवेगळ्या सामूंना (२, ४, ५.५, ७, ८, ९, १०.५, १२ आणि १३) व एकदा त्याच्या नैसर्गिक सामूला, दहापट पाण्यात परीक्षण करण्याची पद्धत उपलब्ध आहे. तिच्यातून एक वक्र मिळतो. तो हातात असला की ठोकळा आज कसा वागेल, हजार वर्षांनी सामू १० वर आल्यावर कसा, आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने कार्बोनेट होऊन ८ वर आल्यावर कसा, हे सगळे एका कागदावर दिसते. तिच्या जोडीला अखंड ठोकळ्याची ६३ दिवसांची टाकी-चाचणी आहे: पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे ९ मिलिलिटर पाणी, आणि ते २ तासांनी, मग १, २, ७, १४, २८, ४२, ४९ आणि ६३ व्या दिवशी बदलायचे. या दोन्ही अमेरिकी पर्यावरण संस्थेने प्रसिद्ध केल्या आहेत आणि इंदूरच्या कुठल्याही चांगल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात होऊ शकतात. महागडे उपकरण लागते ते शेवटी, धातू मोजायला.

बाकीच्या धातूंविषयी थोडक्यात, कारण प्रत्येकाची खोड वेगळी. पारा सिमेंटमध्ये हायड्रॉक्साइड करून बसतच नाही. त्याचे ऑक्साइड होते आणि ते पाण्यात लिटरमागे सुमारे ५० मिलिग्रॅमपर्यंत विरघळते. नियमातली मर्यादा आहे ०.२. म्हणून पारा आधी गंधकाशी घोटून त्याचे सल्फाइड करायचे आणि मगच सिमेंट. इथेही एक सापळा आहे: विद्राव्य सल्फाइड गरजेपेक्षा जास्त पडले तर तीव्र अल्कलीत पाऱ्याचे विद्राव्य संयुग होऊन तो परत पाण्यात येतो. सल्फाइड मापूनच घातले पाहिजे.

सहा-संयुजी क्रोमियम ऋणभारित असते, त्यामुळे हायड्रॉक्साइडच्या जाळ्यात सापडत नाही. त्याचे आधी तीन-संयुजी करावे लागते. एक किलो सहा-संयुजी क्रोमियमला हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट हेप्टाहायड्रेट, हिशेबाने १६ किलो लागते. प्रत्यक्षात थोडे जास्तच. क्रम महत्त्वाचा: आधी हिराकस, क्रिया पूर्ण झाल्याची खात्री, मग चुना, शेवटी सिमेंट. सगळे एकदम मिक्सरमध्ये ओतले तर अल्कलीत लोह आधीच खाली बसते, हवेने गंजते आणि क्रोमियम तसेच राहते. आणखी एक गोष्ट विसरली जाते. त्या १६ किलोंबरोबर साडेपाच किलो सल्फेट आत येते. सिमेंटमधल्या ॲल्युमिनेटशी ते जुळून एट्रिंगाइट नावाचे जागा व्यापणारे स्फटिक वाढते, आणि ठोकळा कडक झाल्यानंतर ती वाढ झाली तर आतूनच तडे जातात. अशा कचऱ्याला सल्फेटरोधक सिमेंट किंवा भरपूर स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) असलेले मिश्रण घ्यावे. स्लॅगचा दुहेरी फायदा आहे: त्यातले सल्फाइड ऑक्सिजनला दूर ठेवते, त्यामुळे क्रोमियम परत सहा-संयुजी होत नाही. ब्रिटनमध्ये मध्यम पातळीच्या कचऱ्याला स्लॅग आणि पोर्टलँड सिमेंट ३:१ ते ९:१ या प्रमाणात वापरतात. अमेरिकेत सव्हाना रिव्हर या अणुकेंद्रात क्षारयुक्त कचऱ्यासाठी ४५ टक्के स्लॅग, ४५ टक्के फ्लाय ॲश आणि केवळ १० टक्के सिमेंट असे कोरडे मिश्रण वर्षानुवर्षे वापरले गेले. भिलाईचा स्लॅग आणि औष्णिक केंद्रांची राख हाताशी असताना आपण साध्या पोर्टलँड सिमेंटवरच विसंबून राहू नये. मोठ्या ड्रममध्ये ते तापतेही फार. गाभा ७० अंशांच्या वर गेला की उशिरा होणाऱ्या एट्रिंगाइटची भीती आलीच.

शिसे, जस्त आणि बोरेट सिमेंटचे गोठणे लांबवतात. जस्त तर सिमेंटच्या कणावर पातळ साल चढवते आणि पाणी आत जाऊ देत नाही. व्हिकॅटच्या सुईने मोजले तर नेहमीच्या सिमेंटचे अंतिम गोठणे ६०० मिनिटांच्या आत व्हायला हवे. जस्ताच्या गाळाबरोबर तेच कित्येक दिवस लांबू शकते. तोवर जड कण तळाशी बसतात, वर पाण्याचा थर साचतो, आणि ठोकळा वरून एक व खालून वेगळाच होतो. उपाय म्हणजे गाळ आधी चुन्याने शांत करणे, छोट्या बॅचवर गोठण्याची वेळ पाहणे, आणि चोवीस तासांनी वर मोकळे पाणी दिसले तर तो ड्रम पुढे न पाठवणे. चाचणीचा नमुना सुद्धा वरच्या, मधल्या आणि खालच्या भागातून वेगवेगळा घ्यावा.

सर्वांत दुर्लक्षित शत्रू मात्र धातू नाहीत. ते आहेत चिंध्या. सुती फडकी, कागद, लाकूड, यांतले सेल्युलोज तीव्र अल्कलीत तुटते आणि आयसोसॅकरिनिक आम्ल तयार होते. ते शिसे, निकेल आणि प्लुटोनियमसारख्यांनाही पकडून विरघळलेले ठेवते. ज्या सामूला निकेल एरवी खाली बसले असते तिथेही ते पाण्यात तरंगत राहते. धुवणात वापरलेले ईडीटीए आणि सायट्रिक आम्लही हेच करतात, आणि ईडीटीए तर लवकर नष्टही होत नाही. पीव्हीसीचे हातमोजे किरणोत्साराने हायड्रोजन क्लोराइड सोडतात. क्लोराइडमुळे कॅडमियमची विद्राव्यता वाढते. ॲल्युमिनियमचा तुकडा सिमेंटमध्ये हायड्रोजन सोडतो, एक किलोमागे सुमारे १,२५० लिटर, आणि त्या बुडबुड्यांच्या वाटा पुढे पाण्याच्या वाटा होतात. यातली एकही गोष्ट सिमेंट चांगले वापरून सुटत नाही. ती ड्रममध्ये जाण्याआधीच सुटते, वेगळे काढून. इंदूरच्या घराघरांत कचरा सहा भागांत वेगळा केला जातो आणि त्याच्या जोरावर हे शहर २०१७ पासून वर्षानुवर्षे देशात पहिले आले. जे गृहिणी ओट्याखाली करते, ते कचऱ्याच्या उगमाशी प्रशिक्षित माणसांना जमणार नाही असे म्हणता येणार नाही. अखंड शिसे वेगळे काढा, पुसून पुन्हा वापरा. वापरता येत नसेल तर सिमेंटशी संपर्क न येऊ देता जाड एचडीपीई प्लास्टिकच्या आवरणात बंद करा. जड धातूंच्या ड्रममध्ये सेल्युलोज किती चालेल, याची ग्रॅममधली कमाल मर्यादा ठरवा.

इथे पीथमपूरचा उल्लेख करणे भाग आहे. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातला ३३७ टन कचरा २०२५ मध्ये इंदूरपासून जवळच्या पीथमपूरला जाळला गेला. उरलेली राख मूळ कचऱ्यापेक्षा जास्त भरली, कारण ज्वलनात आणि धूर धुण्यात चुन्यासारखी द्रव्ये घातली जातात. ही राख किरणोत्सारी नाही. तसे सांगणारे संदेश फिरत असतील तर ते चुकीचे आहेत, आणि आम्ही ते ठामपणे खोडून काढतो. पण भट्टीत धातू जळत नाहीत, ते राखेत उतरतात. आणि चुन्याने अल्कधर्मी झालेल्या राखेतल्या शिशाचे रसायन वर सांगितले त्याहून वेगळे नाही. या राखेची परीक्षा टीसीएलपीवर थांबू नये. नऊ सामूंचा वक्र काढावा आणि तो आकडेवारीसह लोकांसमोर ठेवावा. लोकांचा अविश्वास ‘पास’ या शब्दाने जाणार नाही, आकड्यांनी कमी होईल.

जमिनीचेही ऐका. माळव्यात वर काळी माती, जी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. खाली मुरूम आणि सांधे-फटींनी भरलेला बेसाल्ट. जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर. विहिरीची पातळी पावसाळ्यात काही मीटर वर येते आणि मेपर्यंत उतरते. नर्मदेचे पाणी जलूदहून येत असले तरी शहराच्या कडेच्या वसाहती बोअरच्याच पाण्यावर आहेत. अशा जमिनीत उथळ खंदक दरवर्षी ओला-कोरडा होण्याचा धोका असतो, आणि प्रत्येक फेऱ्यात कार्बन डायऑक्साइड आत शिरतो. कार्बोनेट झाले की शिसे कमी विरघळते, पण एट्रिंगाइट मोडते आणि त्यात अडकलेले क्रोमेट, आर्सेनेट, सेलेनेट सुटतात. तारापूर आणि ट्रॉम्बेही बेसाल्टवरच आहेत, म्हणून हा मुद्दा केवळ माळव्याचा नाही.

निरीक्षण विहिरींतून किरणोत्सार मोजला जातो तेव्हा त्याच फेरीत धातूही मोजावेत. एक नमुना जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळलेला, एक न गाळलेला, कारण शिसे कलिल कणांवर बसूनही प्रवास करते. दोन्हींत नायट्रिक आम्ल घालून सामू २ च्या खाली आणावा. पाऱ्यासाठी बाटली वेगळी. आणि शिसे सापडण्याची वाट पाहू नये: ठोकळा धुतला जाऊ लागला की आधी सोडियम, पोटॅशियम आणि नायट्रेट बाहेर येतात, सामू आणि विद्युतवाहकता वाढते. धातू त्यांच्या कितीतरी मागून येतात. बेसाल्टमध्ये निकेल आणि क्रोमियम निसर्गतःच असतात, म्हणून मूळ पातळी आधी नोंदवलेली नसेल तर नंतर वाढ झाली की नाही, यावर कुणाचेच एकमत होणार नाही.

आमच्या मागण्या आता दोन्ही मंडळांपुढे ठेवतो. प्रत्येक ड्रमच्या नोंदीत किरणोत्साराच्या (बेकरेलच्या) रकान्याशेजारी शिसे, कॅडमियम, पारा, क्रोमियम, निकेल आणि युरेनियम यांचे ग्रॅम लिहिले जावेत आणि खंदकनिहाय बेरीज दरवर्षी प्रसिद्ध व्हावी. दोन्ही मंडळांनी मिळून मिश्र कचऱ्यासाठी एकच मर्यादापत्रक काढावे. सिमेंटच्या प्रत्येक मिश्रणाला मंजुरी देण्याआधी नऊ सामूंची आणि ६३ दिवसांची चाचणी सक्तीची करावी. प्रत्येक मिश्रणाचे बारा जादा सिलिंडर ओतून ते सीलबंद पाण्यात ठेवावेत, आणि १, ५, १०, २५ व ५० वर्षांनी दोन-दोन उघडून पाण्यातले धातू मोजावेत. उरलेले दोन वादाच्या वेळी कामी येतील.

यातल्या बऱ्याच गोष्टींना समित्या आणि अधिसूचना लागतील, हे आम्हाला ठाऊक आहे. विहिरींच्या मूळ पातळीला तसे काही लागत नाही. मेमध्ये पाणी सर्वांत खाली असताना एक फेरी आणि ऑक्टोबरमध्ये दुसरी, अशी पीथमपूरच्या आणि अणुऊर्जेच्या खंदकांभोवतीच्या विहिरींची तपासणी आजच्या अधिकारात होऊ शकते. नमुने दोन भागांत घ्यावेत आणि एक भाग बाहेरच्या प्रयोगशाळेला द्यावा. त्या कामात मनुष्यबळ कमी पडत असेल तर आम्ही बाटल्या आणि गाळण्या घेऊन विनामोबदला यायला तयार आहोत.

आपले,
इंदूरमधील सिमेंट-रसायन, घातक कचरा प्रक्रिया आणि भूजल क्षेत्रांतील मराठी अभियंते व रसायनतज्ज्ञ